भंडारा जिल्हा, सव्वादोन एकर, एक बोडी: कोंबड्या, मासे, फळझाडं एकत्र जमेल का?

बोडीवाला (१२ एप्रिल)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. सांभाळून घ्या.

साकोली तालुक्यात आमची वडिलोपार्जित ९० आर जमीन आहे. (पुण्याकडच्यांनी आरला गुंठा समजून वाचलं तरी चालेल, फरक चौरस मीटरभराचा.) त्यात ५५ आर धानाची बांधी (बांध घातलेलं भाताचं शेत), २० आर मुरमाड बरड, १२ आरची बोडी (पाळ घालून केलेलं लहान तळं). उरलेल्यात विहीर, खळं आणि एक पडका कोठा. बोडी निव्वळ पावसावर भरते. ऑगस्टमध्ये पुरुषभर पाणी, फेब्रुवारीत गुडघ्याच्या वर, मार्चअखेर चिखल. एप्रिलमध्ये पोरं तिथे क्रिकेट खेळतात, आत्ताही खेळतायत. विहिरीला मे महिन्यात दिवसाला तासभर मोटर चालेल एवढंच पाणी.

मी नागपुरात नोकरीला, दर शनिवारी जाऊ शकतो. दादा-वहिनी गावातच राहतात. मनात असलेला आराखडा असा:

बोडीवर बांबूची शेड आणि तिच्यात १००० ब्रॉयलर. विष्ठा सरळ खाली पाण्यात, म्हणजे माशांना खाद्याचा खर्च नाही. बोडीत ५००० मासे. अर्धी बांधी मोडून २०० केशर आंबे. बोडीचं पाणी झाडांना.

हे सगळं एक्सेलमध्ये मांडलं तर पहिल्याच वर्षी नफा दिसतो. म्हणूनच थोडी भीती वाटली आणि इथे आलो.

शेवटचा_बाक (१२ एप्रिल)

एक्सेलमध्ये मानमोडी (कोंबड्यांची साथ) येत नाही, बिबट्या येत नाही आणि मेहुणेही येत नाहीत. खुर्ची टाकून बसलोय, होऊ द्या चर्चा.

तुमसरचा_तांदूळ (१२ एप्रिल)

बोडीवाले, धागा आवडला. पण तुमचा आराखडा उलट्या टोकाने सुरू झालाय. आधी शेड ठरली, मग कोंबड्या, मग मासे आणि पाणी सर्वांत शेवटी. तुमच्या शेतात मोजून मिळणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जुलै ते फेब्रुवारी टिकणारं पाणी. हिशोब तिथून सुरू करा.

मासे-कोंबडी जोडधंद्याला सर्वसाधारण प्रमाण धरतात हेक्टरी ५०० ते ६०० पक्षी. तुमची बोडी १२ आर, म्हणजे ६० ते ७० कोंबड्या. बस्स. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅमच्या आसपास विष्ठा टाकते. साठ कोंबड्यांची सहा-सात किलो झाली. एवढं तुमचं पाणी पचवतं. त्यातून शेवाळ-प्राणिप्लवंग तयार होतं, ते मासे खातात. हजार पक्षी म्हणजे त्याच्या पंधरा-सोळा पट. एवढं पोटात गेल्यावर बोडी नाही राहत, सेप्टिक टँक होतो.

माशांचंही तसंच. नेहमीच्या मिश्र मत्स्यपालनात हेक्टरी १०,००० बोटुकली सोडतात, म्हणजे तुमच्या बोडीत फार तर १२००. तेही पाणी दहा-बारा महिने टिकत असेल तर. तुमचं टिकतं साडेसात महिने. जूनच्या बोटाएवढ्या पिल्लाला फेब्रुवारीत धरलंत तर पाव-अर्ध्या किलोचा मासा हाती लागेल आणि बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. म्हणून हंगामी बोडीत संख्या कमी आणि बीज मोठं. मागच्या वर्षीचं, मुद्दाम दाटीत ठेवून वाढ रोखलेलं ८०-१०० ग्रॅमचं बीज मिळतं. ते ४०० ते ५०० टाका, सहा-सात महिन्यांत पाऊण किलोपर्यंत जातं. मी हेच करतो.

महाग पडतं, हे आधीच सांगून ठेवतो.

लाल_माती (१३ एप्रिल)

कोकणातून रामराम. आमच्याकडे जांभ्यात खड्डा काढून प्लास्टिकचा कागद अंथरल्याशिवाय पाणी उभंच राहत नाही. तुमच्याकडे आजोबांनी बांधलेली बोडी आयती मिळाली, नशीबवान आहात.

मी शेततळ्यात रोहू-कटला केले होते. मासे झाले छान, पण खाणार कोण? आमच्याकडे समुद्राच्या माशाची जीभ. तळ्यातला मासा म्हटलं की शेजारीण नाक मुरडून म्हणते, "चिखलाचो वास येता." शेवटी बांधकामावरच्या बंगाली आणि ओडिया कामगारांनी संपवले. आता तळं फक्त कलमांच्या पाण्यासाठी. विकायचं कुठे हे आधी बघा.

बोडीवाला (१३ एप्रिल)

@तुमसरचा_तांदूळ, सत्तर कोंबड्या? एक्सेल मिटवतोच आता. 🙂

@लाल_माती, आमच्याकडे उलट आहे. भंडारा-गोंदियात तलावाचा मासाच मासा. समुद्राचा आला तर लोक विचारतात, किती दिवसांचा? मोठे मामा (माजी मालगुजारी) तलाव मच्छीमार सोसायट्यांकडे ठेक्याने असतात, पण ही बोडी आमच्या सातबाऱ्यावर आहे. प्रश्न एकच, जाळं मारणार कोण? मला येत नाही.

जाळं (१३ एप्रिल)

आमचा पिढ्यांचा धंदा तोच आहे भाऊ, म्हणून लिहून रायलो. बोडी असेल तर ढीवरटोलीतून (मासेमारांच्या वस्तीतून) चार माणसं बोलवा, सकाळी जाळ्याच्या दोन ओढीत काम होऊन जाते. पैसे घेत्यात नाहीतर हिस्सा घेत्यात, आधीच बोलून ठेवा. मागून कटकट नको.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा जी. एक, बोडीच्या आत जुने खुंट, काटे, बेशरमाची झाडं आताच काढून टाका, जमीन कोरडी हाय तवरच. जाळं अडकलं का फाटलं, आन् फाटलं का माणसं दुसऱ्या साली येत नाही. दुसरी, बोडी आटली म्हणून मरळ मेली असं समजू नका. चिखलात खाली जाऊन बसते. पाणी आलं का वर. तुमचं बीज मोठं असलं तर ठीक, बारीक असलं तर मरळीचं जेवण झालं.

तुमसरचा_तांदूळ (१३ एप्रिल)

जाळंभाऊंना शंभर टक्के. ज्यांच्या बोडीत उन्हाळ्यातही थोडं पाणी राहतं त्यांच्यासाठी: मरळ, शिंगी वगैरे काढायला विष आणू नका. मोहाची ढेप (तेल काढून उरलेली पेंड) टाका. एक मीटर पाण्याला हेक्टरी २५०० किलो हे ठरलेलं प्रमाण. मासे वर येतात, धरून खाताही येतात. दोन-तीन आठवड्यांत तिचा विषारीपणा जातो आणि तीच ढेप खत होते. मोह आपल्याकडचाच, ढेप बाहेरून आणायची गरज नाही. बोडीवाल्यांची बोडी कोरडी आहे, त्यांनी फक्त तळाला चुना फेकावा. हेक्टरी २५० किलोच्या हिशोबाने ३० किलो पुरे.

गोठा_आणि_गप्पा (१४ एप्रिल)

माझी चूक सांगतो, म्हणजे तुमची वाचेल.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे १५ आरचं तळं आणि ३०० गावरान क्रॉस कोंबड्या होत्या. प्रमाण वगैरे माहीत नव्हतं. पाणी हिरवं झालं की मासा वाढतो एवढं कुठेतरी ऐकलेलं. मग मी शेडमधलं सगळं लिटर (विष्ठा मिसळलेलं तूस) रोज टोपलीने पाण्यात ओतायचो. ऑगस्टअखेर पाणी असं गर्द हिरवं झालं, की हात घातला तर बोटं दिसेनात. मला आनंद.

सप्टेंबरमध्ये चार दिवस आभाळ भरलेलं, ऊन नाही, वारा नाही. पाचव्या दिवशी पहाटे पाचला बायकोने उठवलं, म्हणे तळ्यावर कसला आवाज येतोय बघा. बॅटरी घेऊन गेलो. सगळ्या पाण्यावर तोंडंच तोंडं. उघडझाप, उघडझाप. तो आवाज अजून कानात आहे, पावसाचे मोठे थेंब पडावेत तसा, फक्त पाऊस नव्हता. काठच्या गवतावर झिंगे चढून बसले होते. कटले आधीच उलटे झालेले, पोटं पांढरी. मोठे आधी जातात. मोटर लावून तळ्याचंच पाणी फवाऱ्यासारखं परत तळ्यात मारलं, तेव्हा रोहूतले निम्मे वाचले.

नंतर कळलं. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच तो ओढतं. वर कुजणारी विष्ठाही ओढते. ढगाळ हवेत दिवसाची भरपाई होत नाही, आणि सगळ्यात कमी प्राणवायू पहाटे असतो. म्हणून तळ्यावर फेरी मारायची तर पहाटे. संध्याकाळी तळं सगळ्यांचंच सुंदर दिसतं.

आता माझी खूण साधी आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. तळवा अंधूक दिसला तर ठीक. मनगटही दिसेना, तर खत बंद. तळवा स्वच्छ दिसला तर थोडं टाका. आभाळ आलं की बंदच, मग पाणी कसंही असो.

शेवटचा_बाक (१४ एप्रिल)

आज काही विनोद सुचत नाही. खुर्ची पुढे ओढलीय.

पंखवैद्य (१४ एप्रिल)

पशुवैद्यक आहे, कोंबड्यांबद्दल लिहिते.

बोडीवर शेड बांधून विष्ठा थेट पाण्यात, ही पद्धत जुन्या पुस्तिकांमध्ये छान चित्रासह असते. मी ती सुचवत नाही. टोपली हातात असली की आज टाकायचं की नाही हे तुम्ही ठरवता, शेड पाण्यावर असली की कोंबडी ठरवते. वरच्या प्रतिसादातला सप्टेंबर आठवा. शिवाय बोडीवर पाणकावळे, बगळे, रानबदकं येणार. पाणपक्ष्यांकडून बर्ड फ्लू येऊ शकतो. २००६ मध्ये देशातला पहिला उद्रेक आपल्याच नवापुरात झाला आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीत पुन्हा बघितला. कोंबड्यांना बोडीचं पाणी पाजायचं नाही, विहिरीचंच द्यायचं. शेड काठापासून लांब, उंचवट्यावर. बदकं आणि कोंबड्या एकत्र ठेवण्याचा मोहही टाळा.

ब्रॉयलर का नको ते सांगते. ४२ दिवसांत पक्षी दोन किलोच्या वर जातो आणि त्यासाठी साडेतीन किलोच्या आसपास खाद्य खातो. हजार पक्षी म्हणजे एका बॅचला साडेतीन टन, पन्नास किलोची सत्तर पोती. ती कोण आणणार, कोण उतरवणार? आणि भंडाऱ्याचा मे महिना ४५ अंशांचा. ब्रॉयलरला घाम येत नाही, धाप लागते आणि दुपारी दोन ते चारमध्ये शेड आडवी होते.

तुम्हाला वनराज, ग्रामप्रिया (दोन्ही हैदराबादच्या) किंवा गिरिराज (बंगळूरची) असे रंगीत, काटक पक्षी बरे. मांसाला हवे असतील तर वनराज-गिरिराज, अंड्यांना ग्रामप्रिया. लसीकरण चुकवायचं नाही: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) डोळ्यात थेंब, चौदाव्याच्या सुमारास गंबोरोची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, मग देवीची लस, आठव्या आठवड्याच्या पुढे आर-टू-बी (तीही मानमोडीचीच). लस बर्फाच्या थर्मासमधून आणायची. खिशातून आणलेली लस म्हणजे पाणी. लोक मला सांगतात, "मॅडम, लस दिली तरी मर आली." विचारते, आणली कशात? उत्तर ठरलेलं: डिक्कीत.

शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन आत शिरत नाही. खाली तूस अंथरा, तुमच्याकडे राइस मिलवर ढिगाने मिळतं.

बोडीवाला (१५ एप्रिल)

मॅडम, मनापासून आभार. पण अडचण अशी की सत्तर कोंबड्यांत पोट कसं भरायचं?

तुमसरचा_तांदूळ (१५ एप्रिल)

पोट तुमच्या नोकरीने भरतंय ना? मग शेतीला पहिल्या दोन वर्षांत पोट भरायला सांगू नका, स्वतःचा खर्च काढायला सांगा.

आणि सत्तर म्हणजे वर्षभर सत्तर नाही. बाजार बघा. श्रावणात कोंबडी कोणी घेत नाही. पण श्रावणी अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी? घराघरात कोंबडा. मग दिवाळीनंतर गावोगाव मंडई (आपल्याकडची जत्रा) सुरू. रात्री नाटक, घरी पाहुणे, पाहुण्याला कोंबडा नाही केला तर वर्षभर बोलणी. या दोन तारखा धरून मागे मोजा. रंगीत पक्षी ८०-९० दिवसांत विकायला येतो. पहिली बॅच जूनच्या सुरुवातीला, दुसरी ऑगस्टच्या मध्यावर, तिसरी नोव्हेंबरात, जी फेब्रुवारीत माशांसोबतच संपते. मार्च ते मे शेडमध्ये फक्त घरच्या अंड्यांपुरत्या पंधरा-वीस. पाणी नाही, ऊन आहे, तेव्हा शेडला सुट्टी. तूस काढा, चुना मारा, तापू द्या. अर्धे रोग तिथेच मरतात.

म्हणजे बोडी भरते तेव्हा कोंबड्या भरतात, बोडी आटते तेव्हा त्याही आटतात. वेगळं वेळापत्रक लागत नाही.

हनोईत_सध्या (१५ एप्रिल)

कामानिमित्त व्हिएतनाममध्ये आहे. इथे याला तीन शब्दांचं नाव आहे: वूअन, आओ, चुओंग. बाग, तळं, गोठा. घरामागे तिन्ही एकमेकांना चिकटून. तळ्याचा गाळ काढून बागेत टाकतात, बागेतलं गवत माशांना. अप्रतिम दिसतं. पण इथे लाल नदीच्या खोऱ्यात पाणी बारा महिने हाताशी असतं. फोटो बघून तुमच्याकडे जसंच्या तसं उतरवायला जाल तर एप्रिलमध्ये उघडे पडाल. गाळाची गोष्ट मात्र घ्या. तुमची बोडी दर उन्हाळ्यात आपोआप उघडी होते, हा तोटा नाही.

तुमसरचा_तांदूळ (१५ एप्रिल)

गाळाचं अगदी बरोबर. दरवर्षी मेमध्ये वरचा वीतभर गाळ काढून बरडावर झाडांच्या खड्ड्यांत टाकायचा. त्यापेक्षा खोल जाऊ नका. खालचा चिकणमातीचा थर फोडलात तर बोडी गळायला लागते, मग आजोबा स्वप्नात येतात.

धुऱ्यावरची_तूर (१६ एप्रिल)

फळझाडांवर कोणी बोललं नाही म्हणून मी.

ताबडतोब सांगते, बांधी मोडू नका. धानाच्या बांधीत तीन महिने पाणी उभं राहतं, त्यासाठीच ती बांधलेली असते. तिथे आंबा लावाल तर पहिला पावसाळा तो तग धरेल, दुसऱ्यात मुळं कुजतील. शिवाय तुमच्या कोंबड्यांची कणी, माशांचा कोंडा, शेडचं तूस, झाडांचं आच्छादन, हे सगळं धानातूनच येणार आहे. बांधी काढली तर बाकीचं सगळं विकत.

झाडं बरडावर. २० आरात ५ बाय ५ मीटरवर ८० खड्डे बसतात. माझ्या मते ४० आंबा, २५ सीताफळ, १५ लिंबू. सीताफळ मुरमात, कमी पाण्यात येतं आणि त्याच्या पानाला जनावर तोंड लावत नाही. लिंबाला पाणी लागतं, ती विहिरीजवळ. मे महिन्यात तासभर मोटरीचं पाणी आहे म्हणालात, त्यात ८० लहान झाडं जगतात, २०० नाही. पहिली दोन वर्षं प्रत्येक झाडाशेजारी मडकं पुरा. बुडाला बारीक भोक, त्यात कापडाची वात. शनिवारी भरलं की पुढचे काही दिवस पाझरत राहतं, तुमच्या फेऱ्यांना सोयीचं. तणसाचं आच्छादन घाला, पण खोडाला टेकवू नका, उधळी लागते.

बोडीच्या पाळीवर आंबा, बांबू, जांभूळ असलं काही लावायचं नाही. मोठी मुळं पाळ फोडतात आणि पानगळ पाण्यात पडून कुजते. पाळीवर केळी, पपई, शेवगा. पपईला एक दिवस पाणी साचलेलं चालत नाही, पाळीवरून ते निथळून जातं. आतल्या उतारावर गवत राहू द्या. बाहेरच्या कडेला धुऱ्यावर (बांधावर) तूर आहेच, नसेल तर नाव बदलते.

कोंबड्या झाडांखाली सोडायच्या असतील तर दुसऱ्या वर्षापासून. पहिल्या वर्षी त्या आच्छादन उकरून मुळं उघडी करतात. नंतर मात्र उधळी आणि फळमाशीचे कोष वेचून खातात, ते फुकटचं काम.

आणि एक प्रश्न. शनिवारी तुम्ही येणार. रविवार रात्र ते शुक्रवार हे सगळं बघणार कोण? वहिनींना विचारलंत का?

बोडीवाला (१६ एप्रिल)

दादाला विचारलंय. तो हो म्हणाला.

धुऱ्यावरची_तूर (१६ एप्रिल)

मी वहिनींबद्दल विचारलं होतं.

शेवटचा_बाक (१६ एप्रिल)

😄 धागा इथेच संपला तरी चालेल.

मंदीतला_मका (१७ एप्रिल)

अनुदानाचं कोणी का बोलत नाही? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मिळतात. वहिनींच्या नावे करा, फायदाच आहे.

गोठा_आणि_गप्पा (१७ एप्रिल)

खरं आहे, मिळतं. पण आधी खर्च, मग तपासणी, मग पैसे. मंजुरीपत्राआधी खड्डा खणलात तर हाती काही नाही. आणि अनुदानात बसावं म्हणून गरजेपेक्षा मोठं काही बांधू नका. माझ्या शेजाऱ्याच्या शेडला अनुदान मिळालं, आज तिच्यात थ्रेशर ठेवतो. त्यापेक्षा बँकेत किसान क्रेडिट कार्डावर मत्स्यपालन आणि पशुपालनाचं खेळतं भांडवल मिळतं का बघा. २०१८-१९ पासून ही सोय आहे.

साकोलीतच कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे एकदा बसून या. माशांसाठी नागपूरला मत्स्य महाविद्यालय आहे, तुम्हाला नोकरीच्या गावातच.

जाळं (१७ एप्रिल)

बीज कोणाकडून घेता ते बघून घ्या बावा. एकानं आमच्या सोसायटीला कटला म्हणून डबे दिले. सोडलं, वाढवलं, जाळं मारलं तर अर्ध्याच्या वर भलतंच. कोणी मागूर स्वस्त देतो म्हटलं तर घेऊ नका, थाई मागूर असते ती. तिच्यावर २००० सालापासून बंदी हाय आन् बोडीतलं बाकी सगळं खाऊन टाकते. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) पण जास्त नको, चिखल उकरून उकरून पाळीला भोकं पाडते.

आन् सांडव्याले जाळी. पाऊस जोराचा झाला का मासा वाहत्या पाण्यासंगं सांडव्यातून बाहेर निघते, आन् सकाळी लोकं बांधीत हातानं धरून रायले असते. तुमचा मासा, त्यांचं कालवण.

बोडीवाला (२८ एप्रिल)

दोन शनिवार गावी जाऊन आलो. धुऱ्यावरची_तूर, तुमचा प्रश्न वर्मी लागला होता. वहिनींना विचारलं.

आधी त्या हसल्या. मग म्हणाल्या, "मले काऊन विचारता, तुमी दोघा भावानं ठरवलंच असन ना." मी वही काढली, तेव्हा खाली बसल्या. जे सांगितलं ते जवळपास जसंच्या तसं:

कोंबड्या साठ चालतील, पण धानकापणीच्या पंधरा दिवसांत नवीन पिल्लं आणायची नाहीत. पिल्लांना रात्री दोनदा उठून बघावं लागतं आणि तेव्हा त्या पहाटे चारपासून शेतावर असतात. म्हणजे तुमसरकर, तिसरी बॅच नोव्हेंबरच्या शेवटी गेली.

शेड पडक्या कोठ्याच्या जागी नको, तिथे मुंगसाचं बीळ आहे. घराला लागून हवी, कुत्रा भुंकला तर ऐकू येईल अशी. गेल्या वर्षी बिबट मागच्या बोळीतून शेळी घेऊन गेला होता. म्हणून जाळी खालीही आणि वरही.

बोडीचं पाणी ईशान्येच्या कोपऱ्यात सर्वांत शेवटी आटतं, कारण तिथे जुनी खोलगट जागा आहे. हे दादाला माहीत नव्हतं. त्या तिथे कपडे धुतात. तोच कोपरा अजून दोन फूट खोल करायचा, म्हणजे विक्री लांबली तर मासे मार्चमध्ये तिथे गोळा होतील.

आणि अंड्यांचे पैसे त्यांचे. हिशोब मागायचा नाही.

मी म्हटलं, मंजूर.

शेवटचा_बाक (२८ एप्रिल)

या धाग्याचं उत्तर वहिनींनी दिलेलं आहे. फक्त त्यांचा आयडी नाही.

पंखवैद्य (२९ एप्रिल)

शेड घराला लागून हे उत्तमच, पण स्वयंपाकघराच्या वाऱ्याच्या दिशेला नको. आणि जाळीचं भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठं नको. मुंगूस काय, साप काय, कोंबडीच्या जाळीतून आरामात येतात. नाग अंड्यासाठी आला आणि सकाळी हात घालणाऱ्या बाईला चावला, असं मी पाहिलंय. खोप्यात हात घालण्याआधी काठीने वाजवायचं, हे वहिनींना नक्की सांगा. बहुधा त्यांना माहीत असेल.

तुमसरचा_तांदूळ (२९ एप्रिल)

दोन फूट खोल करताना चिकणमातीचं लक्षात आहे ना? आधी पहारेने भोक पाडून थर किती जाड आहे ते बघा.

माशांच्या खाद्याचं राहिलं. नुसत्या विष्ठेवर मासा जगतो, वाढायला कोंडा आणि ढेप लागते, निम्मी-निम्मी. शेंगदाण्याची महाग वाटली तर जवसाची. माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के. सुरुवातीला ४०० माशांना किलोभर, नंतर वाढवत न्यायचं. पाण्यात फेकू नका, अर्धं तळाला जाऊन कुजतं. जुन्या पोत्याला खाली भोकं पाडा, त्यात भरा, बांबूला बांधून पाण्यात अर्धं बुडेल असं लटकवा. मासे टोच्या मारून खातात. संध्याकाळी पोतं रिकामं नसेल तर दुसऱ्या दिवशी कमी. कोंडा राइस मिलवरून आठवड्यापुरताच आणा, ताजा कोंडा लवकर खवट होतो.

बोडीवाला (२० मे)

पहार मारली. चिकणमाती साडेतीन फूट. कोपरा दीड फुटावरच थांबवला, उगाच आजोबा नकोत. गाळाच्या अकरा ट्रॉल्या बरडावर गेल्या. ८० खड्डे झाले, ६२ भरले. बेशरम उपटून वाळायला टाकलाय. उन्हामुळे पोरांचं क्रिकेट आता सकाळी सहाला असतं, त्यांना खड्ड्याभोवती सीमारेषा नव्याने आखावी लागली. एका पोराने विचारलं, काका, मासे कधी येणार? आणि मग आम्ही खेळायचं कुठे? त्याचं उत्तर एक्सेलमध्येही नव्हतं.

बोडीवाला (१० जुलै)

मंडळी, बोडी भरली! पाच दिवस झड लागली होती. वनराजची ६० पिल्लं १४ जूनला आली, ५७ आहेत. ऊन उतरेना म्हणून जूनची सुरुवात हुकली, पोळ्याला जरा हलकीच निघतील. दोन पिल्लं पहिल्याच रात्री गेली, एक मांजराने नेलं. लासोटा मी स्वतः थर्मासमधून नेली, पंखवैद्यताई.

काल बीज आलं. जाळंभाऊंनीच ओळखीतून मिळवून दिलं. ४२० नग, कटला, रोहू, मिरगल. पिशव्या वीस मिनिटं बोडीच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंड उघडून थोडं थोडं बोडीचं पाणी आत घेतलं. घाई केली नाही. वहिनी पाण्यात गुडघाभर उभ्या होत्या. पहिला मासा पिशवीतून स्वतःहून बाहेर आला, त्यांच्या पायाभोवती एक फेरी मारली आणि खोल गेला. त्या काहीच बोलल्या नाहीत. पदर खोचला आणि दुसरी पिशवी उघडली.

आज पहाटे पाचला फोन करून त्यांनी सांगितलं, तोंडं दिसत नाहीत, सगळं शांत आहे.

गोठा_आणि_गप्पा (१० जुलै)

पहाटे पाच. वा. वहिनींना नमस्कार सांगा.

जाळं (१० जुलै)

भाऊ, सांडव्याले जाळी लावली का?

बोडीवाला (१० जुलै)

जाळी आणून ठेवलीय, शनिवारी गेलो की लावतो.

जाळं (१० जुलै)

भाऊ, आभाळ बघा. शनिवार कशाले? आत्ताच फोन लावा घरी.

बोडीवाला (१० जुलै)

लावला. वहिनी म्हणाल्या, परवाच लावली.